एकतर्फी सामना आणि प्रशिक्षकाचे कर्तव्य

क्रीडास्पर्धांच्या बातम्या मराठीत ज्या शब्दांत छापल्या जातात, त्या शब्दांकडे शिक्षकाने थोडे थांबून पाहिले पाहिजे. 'धुव्वा उडवला', 'लोळवले', 'पाणी पाजले', 'चारी मुंड्या चीत केले'. मोठ्या माणसांच्या सामन्यांना हे शब्द खपून जातात. परंतु ज्यांचा धुव्वा उडाला ती तेरा-चौदा वर्षांची मुले-मुली असतील, तर त्या शब्दांचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात आम्ही बास्केटबॉलच्या एकतर्फी सामन्यांचा विचार करणार आहोत. सामन्याचा निकाल मध्यंतरापूर्वीच निश्चित झालेला असताना उरलेल्या वेळेचे काय करावे, आणि त्या वेळेत दोन्ही बाजूंच्या प्रशिक्षकांचे कर्तव्य कोणते, एवढाच मर्यादित विषय येथे घेतला आहे.

१. खेळाची घडण

प्रथम या खेळाचे स्वरूप ध्यानात घेऊ. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. त्यानंतर कोणी कोणाला रगडत बसत नाही. खो-खोमध्ये मोठी आघाडी घेतलेला संघ प्रतिपक्षाला फॉलोऑन देऊ शकतो आणि 'एक डाव राखून' विजय मिळवून सामना लवकर संपवू शकतो. तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलमध्येही एका संघाचे २१ गुण होताच सामना थांबतो. पाच-पाच खेळाडूंच्या प्रचलित बास्केटबॉलमध्ये मात्र आघाडीच्या आकड्यावर सामना संपण्याची सोय नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १०-१० मिनिटांचे चार भाग असतात. दुसऱ्या भागातच आघाडी ४० गुणांवर गेली, तरी पुढची २० मिनिटे खेळावीच लागतात. जे काम इतर खेळांत नियम करतो, ते येथे प्रशिक्षकाच्या विवेकावर सोपवलेले आहे.

हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने निर्माण केला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल आणि ज्यात धसमुसळेपणाला वाव राहणार नाही, असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी चेंडू घेऊन धावण्यास मनाई केली, धक्का देणे व पाडणे निषिद्ध ठरवले आणि गुण मिळवण्याचे लक्ष्य उंचावर टांगले, म्हणजे तेथे बळापेक्षा अचूकपणा उपयोगी पडावा. पहिल्या सामन्यात नऊ विरुद्ध नऊ खेळाडू होते आणि निकाल लागला १–०. पुढे कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथ प्रशिक्षक झाले. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाचा जनक स्वतः जिंकल्यापेक्षा अधिक वेळा हरला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

आजच्या नियमांत एक उदार तरतूद आहे. खेळ सुरू असताना बास्केट झाला की चेंडू ज्याच्यावर गुण झाला त्याच संघाला मिळतो. हरणाऱ्याला दर वेळी नवी संधी देणारा हा नियम आहे. मग आघाडी इतकी फुगते कशी? याचे उत्तर 'फुल कोर्ट प्रेस' या डावपेचात आहे. गुण होताच बलवान संघ मागे न फिरता अंतिम रेषेजवळच प्रतिस्पर्ध्यांना घेरतो. नवख्या खेळाडूंना चेंडू आत टाकता येत नाही. टाकला तर तो हिसकावला जातो, आणि तोही रिंगच्या अगदी जवळ. तेथून गुण मिळवायला कसब लागत नाही. एकाच उणिवेची शिक्षा पुन्हा पुन्हा भोगावी लागते. बरोबरीच्या सामन्यात प्रेस हा उत्तम डावपेच आहे. निकाल ठरल्यानंतर मात्र तो प्रतिस्पर्ध्याच्या हातून खेळच काढून घेतो.

२. डॅलसचे उदाहरण

१३ जानेवारी २००९ रोजी टेक्सास राज्यातील डॅलस शहरात मुलींच्या दोन शालेय संघांमध्ये एक सामना झाला. एका बाजूला कॉव्हेनंट स्कूल, दुसऱ्या बाजूला डॅलस अकॅडमी. दुसरी शाळा अध्ययनात अडचणी असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चालवली जाते. शाळेत मुली थोड्या, संघात अवघ्या आठ, आणि मागच्या चार हंगामांत या संघाच्या वाट्याला एकही विजय आलेला नव्हता. मध्यंतराला गुणफलक ५९–० असा होता. सामना संपला तेव्हा तो १००–० झाला होता.

निकालाची बातमी देशभर पसरली. विजेत्या शाळेने हा विजय लाजिरवाणा असल्याचे जाहीर करून क्षमा मागितली आणि सामना आपण गमावला असे धरावे, अशी इच्छा व्यक्त केली. विजेत्या संघाच्या प्रशिक्षकाला हे मान्य नव्हते. आपल्या मुली प्रामाणिकपणे खेळल्या, त्यांनी लाज वाटून घ्यावी असे काही केलेले नाही, अशी भूमिका त्याने उघडपणे मांडली. त्यानंतर त्याला पदावरून दूर करण्यात आले.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या घटनेतील क्रम महत्त्वाचा वाटतो. मध्यंतराला ५९–० असताना सामना कोण जिंकणार याविषयी शंका राहिली नव्हती. निर्णयाची वेळ ती होती. ती टळून गेल्यावर क्षमायाचना झाली, बडतर्फी झाली, चर्चा झाली. परंतु त्यातून मैदानावर गेलेली सोळा-वीस मिनिटे कोणाला परत मिळाली नाहीत. शिवाय प्रौढांनी नंतर केलेल्या या हालचालींत विजेत्या मुलींच्या कपाळीही डाग आला. त्यांना जे शिकवले होते तेच त्या करीत होत्या. प्रशिक्षकाचे एक म्हणणे खरे होते: मुलींनी लाजण्याचे कारण नव्हते. जबाबदारी मुलींची नव्हे, बाकावर बसलेल्या प्रौढांची होती. आणि त्या प्रौढांत तो स्वतः पहिला होता, हे त्याच्या युक्तिवादात सुटून गेले.

३. दया नव्हे, मान

अमेरिकेत अनेक राज्यांच्या शालेय स्पर्धांत असा नियम आहे की, उत्तरार्धात आघाडी ठरावीक आकड्याच्या वर गेली, की घड्याळ न थांबवता चालू ठेवायचे. हा आकडा राज्यागणिक वेगळा, साधारणतः ३० ते ४० गुणांच्या दरम्यान असतो. नियम उपयुक्त आहे. परंतु तिकडच्या बोलीत त्याला 'मर्सी रूल', म्हणजे 'दयेचा नियम' म्हणतात, त्या नावाशी आमचे भांडण आहे.

दया वरून खाली येते. देणारा उभा असतो आणि घेणारा वाकलेला. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दयेवर नव्हे, तर हक्कावर उभे राहण्यासाठी संघर्ष केला, त्याच्या लेकरांना मैदानावर दयेचे धडे आम्ही देऊ इच्छीत नाही. हरणाऱ्या संघाला उपकार नको असतो. त्याला प्रतिस्पर्धी म्हणून वागणूक हवी असते. म्हणून मुद्दाम रिंग चुकवणे, चेंडू हातात धरून हसत उभे राहणे, किंवा 'जाऊ द्या, त्यांना एक बास्केट करू द्या' असे मैदानभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडणे, हे १००–० पेक्षा कमी अपमानकारक नाही. बलवान संघाने खेळणे सोडू नये. त्याने स्वतःपुढचे काम अधिक अवघड करावे. या दोन गोष्टींतला भेद ज्याला कळला, त्याला एकतर्फी सामन्याचे मर्म कळले, असे आम्ही मानतो.

या संदर्भात १९४४ मधील एक सामना अभ्यासण्यासारखा आहे. जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकला. नेस्मिथ त्याचे मार्गदर्शक होते. परंतु खेळाच्या जनकाकडून खेळ शिकणाऱ्या या विद्यार्थ्याला वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघातून खेळता आले नाही. पुढे तो नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या महाविद्यालयात प्रशिक्षक झाला आणि वेगवान आक्रमणाच्या खेळाचा मोठा आचार्य म्हणून नावारूपाला आला. त्याच शहरात ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोऱ्या विद्यार्थ्यांचा बलाढ्य संघ होता. दोन्ही वर्णांच्या संघांनी एकत्र खेळणे तेथील व्यवस्थेला मान्य नव्हते. म्हणून १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, शहर चर्चमध्ये असताना, मॅक्लेंडनच्या महाविद्यालयाच्या व्यायामशाळेची दारे आतून बंद करून हा सामना गुप्तपणे खेळला गेला. निकाल लागला ८८–४४. मॅक्लेंडनच्या संघाने दुप्पट गुणांनी सामना जिंकला.

येथे कोणीही हात आखडला नाही, आणि ते योग्यच होते. दोन्ही संघ प्रौढ होते, कसलेले होते. आणि ज्यांना बरोबरीचे मानले जात नव्हते, त्यांना आपली बरोबरी सिद्ध करायची होती. खरे शिक्षण पुढे आहे. सामना संपल्यावर ते निघून गेले नाहीत. दोन्ही संघांतील खेळाडूंची सरमिसळ करून त्यांनी नवे दोन संघ पाडले आणि पुन्हा खेळले. पहिल्या सामन्यात कोण श्रेष्ठ हे ठरून गेले होते. दुसऱ्यात ते एकमेकांचे सोबती झाले. अस्पृश्यतेचा इतिहास ज्यांच्या घरात आजही सांगितला जातो, त्यांना बंद दाराआडच्या त्या दुसऱ्या सामन्याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शालेय मैदानापुरता त्यातून एक व्यावहारिक धडाही मिळतो: मैत्रीपूर्ण सामना अर्ध्यावरच एकतर्फी झाला, तर दोन्ही प्रशिक्षकांच्या संमतीने संघ मिसळून उत्तरार्ध खेळता येतो. त्यात कोणी हरत नाही आणि सर्वजण शिकतात.

४. आघाडीवर असलेल्या प्रशिक्षकासाठी

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पुढील क्रम आम्ही शालेय संघांसाठी सुचवतो.

पहिली गोष्ट, आघाडी २० गुणांच्या आसपास गेली आणि खेळातील तफावत उघड दिसली, की प्रेस बंद करावा. संघाने मध्यरेषेच्या मागे येऊन बचावास उभे राहावे. प्रतिस्पर्ध्याला चेंडू पुढे आणू द्यावा. तेथून पुढे मात्र प्रामाणिकपणे बचाव करावा.

दुसरी गोष्ट, वेगवान आक्रमण थांबवून रचनाबद्ध आक्रमण करावे. याचा परिणाम गणिताने दाखवता येतो. एका भागात १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद असतात. दोन्ही संघ दर वेळी सरासरी १२ सेकंद चेंडू बाळगत असतील, तर प्रत्येकाला २५ संधी मिळतात. आघाडीवरील संघाने आपला वेळ २० सेकंदांवर नेला, तर संधी सुमारे १९ होतात. नियमाने मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या आतच हे सारे बसते, त्यामुळे वेळकाढूपणाचा आरोप येत नाही. शिवाय धीराने आक्रमण रचणे हे नेहमीच्या सामन्यात न साधणारे कौशल्य येथे घोटून घेता येते.

तिसरी गोष्ट, पाचही खेळाडूंच्या हातून चेंडू गेल्याशिवाय रिंगवर मारू नये, तीन गुणांचे फटके बंद ठेवावेत, उजव्या हाताच्या खेळाडूने डाव्या हाताने ले-अप करावा, अशी कामे खेळाडूंना द्यावीत. ही कामे सरावातली असावीत, गमतीची नसावीत. रिंगकडे पाठ करून चेंडू फेकणे ही थट्टा आहे. डाव्या हाताचा ले-अप हा अभ्यास आहे.

चौथी गोष्ट राखीव खेळाडूंची. त्यांना शेवटच्या दोन मिनिटांसाठी नव्हे, दुसऱ्या भागापासूनच उतरवावे. आणि उतरवल्यावर त्यांना 'गुण करू नका' असे कदापि सांगू नये. बारावा खेळाडू वर्षभर सरावाला येतो, चेंडू गोळा करतो, पाण्याच्या बाटल्या भरतो. त्याला मिळालेली ही मोजकी मिनिटे आहेत. मुख्य पाच जणांनी फुगवलेल्या आघाडीची किंमत त्याच्याकडून वसूल करणे अन्यायाचे आहे.

येथे एक भेद सांगणे अगत्याचे आहे. २ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने नायजेरियाचा १५६–७३ असा पराभव केला. प्रशिक्षक माइक शेशेव्हस्की यांनी लेब्रॉन जेम्स आणि कोबी ब्रायंट यांना उत्तरार्धात खेळवले नाही. कार्मेलो अँथनी यांनी साडेचौदा मिनिटांत ३७ गुण केल्यावर त्यांनाही शेवटच्या भागात बसवले. तरीही अंतर ८३ गुणांवर गेले, कारण बाकावरून येणारेही तितकेच कसलेले होते. याचा अर्थ, केवळ राखीव खेळाडू उतरवले की कर्तव्य संपले असे नाही. आणि हेही खरे की, ऑलिंपिकला पात्र ठरलेल्या व्यावसायिक प्रौढांना जे सोसवते, ते इयत्ता आठवीच्या मुलांवर लादता येत नाही.

अखेरची गोष्ट सूचना देण्याच्या रीतीची. हे सारे बदल टाइम-आउटमध्ये, हलक्या आवाजात सांगावेत. मैदानापलीकडच्या संघाला ते ऐकू जाता कामा नयेत. आपल्या बाकावरून आणि प्रेक्षकांतून 'शंभर करा' अशी आरोळी उठली, तर प्रशिक्षकाने उभे राहून ती थांबवावी.

५. पिछाडीवर असलेल्या प्रशिक्षकासाठी

हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक हतबल असतो, असा समज आहे. वस्तुतः त्या क्षणी त्याच्या हाती बरेच काही असते. पहिले म्हणजे गुणफलकाकडे बोट दाखवणे त्याने थांबवावे आणि मुलांना मोजता येतील अशी लहान लक्ष्ये द्यावीत: पुढच्या तीन वेळा ८ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे नेऊ, या भागात सलग पाच पास दोनदा करू, त्यांच्या उंच खेळाडूला एकदा तरी रिंगखालून दूर ठेवू. यांतील एखादे साधले की बाकावरून टाळ्या पडाव्यात. गुणफलक ही नोंद ठेवत नाही. ती प्रशिक्षकाने वहीत ठेवावी.

दुसरे, टाइम-आउट रागावण्यासाठी वापरू नये. भेदरलेल्या मुलाला त्या मिनिटात पाणी आणि एकच स्पष्ट सूचना, एवढेच पुरते. तिसरे, संघ मैदानाबाहेर काढू नये आणि मुलांदेखत समोरच्या प्रशिक्षकाची मनधरणीही करू नये. मध्यंतराला पंच व दुसरा प्रशिक्षक यांच्याशी शांतपणे बोलून घड्याळ चालू ठेवण्याविषयी विचारता येते. ती याचना नव्हे. दोन शिक्षकांमधला तो व्यवहार आहे.

आणि एक सत्य मुलांना सामन्यानंतर अवश्य सांगावे. गुणफलक मैदानावरची ४० मिनिटे मोजतो. त्यामागची वर्षे मोजत नाही. निवासी विद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी ३.०५ मीटर उंचीवरची ती रिंग प्रथम पाहिली, तीच मुळी सहावी-सातवीत. समोरचा विद्यार्थी कदाचित सातव्या वर्षापासून, फरशीच्या मैदानावर, स्वतःच्या मालकीच्या चेंडूने खेळत आला असेल. ही सबब नाही. हे कारण आहे. सबब मनुष्याला थांबवते, तर कारण कळले की काय भरून काढायचे ते कळते.

६. आयोजक आणि गृहपाल

आयोजकांच्या काही नियमांमुळे सज्जन प्रशिक्षकही निर्दय होतो. साखळी स्पर्धेत संघ बरोबरीत आल्यास गुणांतराचा विचार होतो. अशा वेळी ६० गुणांनी जिंकणे हा फायद्याचा सौदा ठरतो. उपाय साधा आहे: गुणांतर मोजताना एका सामन्याचे २० पेक्षा अधिक धरू नये. बाद पद्धतीत तर अंतराला काहीच मोल नसते. एका गुणाने जिंकणारा आणि शंभराने जिंकणारा पुढच्या फेरीत सारखेच पोहोचतात. उत्तरार्धात ३० गुणांच्या आघाडीनंतर घड्याळ चालू ठेवण्याचा नियम स्पर्धेच्या पत्रकातच छापावा. नियम आधी ठरलेला असला की कोणी कोणावर उपकार करीत नाही.

निवासी विद्यालयासंबंधी आणखी एक गोष्ट आहे. शहरातील मुलगा हरून घरी जातो. आईच्या हातचे जेवून झोपी जातो. वसतिगृहातील मुलगा हरून भोजनगृहात येतो, तेथे दोनशे मुले निकाल विचारायला बसलेली असतात. तो आकडा महिनाभर त्याच्या नावाला चिकटू शकतो. म्हणून क्रीडाशिक्षकाने संघ परतण्यापूर्वीच गृहपालांना निकाल कळवावा. संघाचे जेवण त्या रात्री इतरांबरोबरच, नेहमीच्या पंगतीत व्हावे. सहानुभूतीचे वेगळे ताट नको आणि टिंगलही नको. दुसऱ्या दिवशी सकाळी सराव नेहमीच्या वेळी सुरू व्हावा, आणि प्रशिक्षकाच्या वहीतील ती लहान लक्ष्ये फळ्यावर लिहिली जावीत: किती साधली, किती राहिली.

जिंकून आलेल्या संघालाही हीच शिस्त लागू करावी. त्यांनाही फळ्यासमोर बसवावे आणि विचारावे: डाव्या हाताचे ले-अप किती झाले? बाराव्या खेळाडूने किती मिनिटे खेळली? समोरच्या संघातील कोणता खेळाडू चांगला होता, त्याचा क्रमांक सांगा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या संघाला देता येते, त्याने प्रतिस्पर्ध्याकडे पाहिले होते असे समजावे. हे तीन प्रश्न आपल्या विद्यालयाच्या प्रत्येक संघाला, प्रत्येक सामन्यानंतर विचारले जावेत, एवढी सूचना करून आम्ही हा लेख येथे पूर्ण करतो.